तुर्किनो ते तुर्किनो : बर्फातल्या सायकलीची १०३ वर्षे

#थ्रेड

(१)
३ एप्रिल १९१०. इटलीतील मिलान शहरातून साठहून अधिक सायकलस्वार समुद्रकाठच्या सान रेमोकडे निघाले. अंतर सुमारे २९० किलोमीटर. वाटेत तुर्किनो नावाची खिंड. उंची अवघी ५३२ मीटर, म्हणजे लोणावळ्याहूनही कमी. त्या दिवशी खिंडीत बर्फ साचले होते. सान रेमोला शर्यत पूर्ण करणारे बोटांवर मोजण्याइतकेच निघाले.

(२)
विजेता ठरला २५ वर्षांचा फ्रेंच स्वार युजीन क्रिस्तॉफ. खिंडीत त्याची बोटे बधिर झाली, पोटात कळा येऊ लागल्या. काही अंतर त्याला सायकल हाताने ढकलत चालावे लागले. माथ्यापलीकडे तो रस्त्याकडेला थांबला, तेव्हा एका वाटसरूने त्याला जवळच्या खानावळीत नेले. तिथे ओले कपडे काढून त्याला घोंगडीत गुंडाळण्यात आले.

(३)
क्रिस्तॉफच्या आठवणींनुसार, थोड्याच वेळात आणखी दोन स्पर्धक त्याच खानावळीत शिरले. ते इतके गारठलेले होते की त्यांनी हात थेट चुलीच्या ज्वाळांत धरले. त्यांतील एकाच्या पायातला बूट वाटेत कुठेतरी पडला होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. पायाला स्पर्शच कळेनासा झाला होता.

(४)
खानावळवाला क्रिस्तॉफला बाहेर सोडायला तयार नव्हता. आपण सान रेमोपर्यंत रेल्वेने जाऊ, असे सांगून क्रिस्तॉफने सुटका करून घेतली आणि बाहेर येताच पुन्हा सायकलवर स्वार झाला. १२ तास २४ मिनिटांनी तो पहिला पोहोचला. दुसरा स्पर्धक तासाभराने आला. मात्र या विजयानंतर क्रिस्तॉफला सुमारे महिनाभर रुग्णालयात राहावे लागले आणि पूर्ववत प्रकृती व्हायला दीर्घ काळ गेला.

(५)
वृत्तपत्रांनी या शर्यतीची शौर्यगाथा केली. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र वेगळा प्रश्न विचारायला हवा : त्या दिवशी या माणसांजवळ होते तरी काय? अंगावर लोकरीची बंडी, पायात साधे चामडी बूट, हाताशी एकच वेग असलेली सायकल. पावसाळी कोट नाही, मदतीची गाडी नाही, थांबण्याचा नियम नाही. पुढच्या शतकात यांतली एकेक उणीव भरून निघाली, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी आधी कुणीतरी किंमत मोजली.

(६)
आधी थंडीचे गणित. स्थिर हवेत शरीराभोवती उबदार हवेचा एक पातळ थर टिकून असतो. वारा तो थर उडवून लावतो. सायकलस्वार हा वारा स्वतःच्या वेगाने निर्माण करतो. तापमान ५ अंश सेल्सियस असले तरी ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना उघड्या त्वचेला ते उणे १ अंशाच्या आसपास भासते. तापमान शून्य असेल तर सुमारे उणे ७.

(७)
या परिणामाचे पद्धतशीर मापन पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी अंटार्क्टिकावर केले. प्लास्टिकच्या नळकांड्यातील पाणी वाऱ्यात गोठायला किती वेळ लागतो, हे त्यांनी मोजले. त्यांचा निबंध १९४५ साली प्रसिद्ध झाला. क्रिस्तॉफने जे बोटांनी अनुभवले होते, त्याला पस्तीस वर्षांनी सूत्र मिळाले.

(८)
मात्र सायकलस्वाराचा खरा शत्रू थंडीपेक्षा ओल. चढावर स्नायू तापतात, घाम येतो, कपडे भिजतात. माथा ओलांडला की पाय जवळजवळ थांबतात, वेग दुप्पट-तिप्पट होतो आणि तोच घाम अंगावर गार होतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून स्वार चढावर दमतात, पण गोठतात ते उतारावर.

(९)
लोकरीचा गुण असा की स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बाष्प शोषूनही ती स्पर्शाला ओली लागत नाही. पण मुसळधार पावसात ती जड होऊन लोंबू लागते. त्यावर स्वारांनी शोधलेला उपाय अगदी स्वस्त होता : वर्तमानपत्र. माथ्यावरच्या प्रेक्षकाकडून अंक घ्यायचा, बंडीखाली छातीवर सरकवायचा आणि उताराला लागायचे. कागदाने वारा अडे. पायथ्याशी तो काढून फेकला की काम झाले. कृत्रिम धाग्यांचे कपडे आल्यावरही ही प्रथा अनेक दशके टिकली.

(१०)
आता यंत्राकडे वळू. त्या काळच्या सायकलीच्या मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या आकारांची दातेरी चक्रे असत. चढ आला की थांबायचे, चाकाचे विंग नट सैल करायचे, चाक काढून उलटे फिरवायचे, चेन पुन्हा चढवायची आणि नट आवळायचे. उन्हात हे मिनिटाभराचे काम. पण बधिर बोटांनी गोठलेला नट फिरवायचा म्हणजे शर्यतीवर पाणी सोडणेच.

(११)
याच नटाभोवती सायकलजगतातील सर्वांत प्रसिद्ध दंतकथा गुंफलेली आहे. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी इटलीतील क्रोचे द'आउने खिंडीत तुल्लिओ काम्पान्योलो या स्वाराला गारठलेल्या बोटांनी नट उघडता आला नाही, तो मागे पडला, आणि तिथेच त्याला एका दांडीने उघडणाऱ्या चाकाची, म्हणजे 'क्विक रिलीज'ची, कल्पना सुचली असे सांगतात. खिंडीत या प्रसंगाचे स्मारकही उभे आहे.

(१२)
मात्र या कथेच्या तपशिलांवर, विशेषतः त्या दिवशीच्या बर्फावर, संशोधकांनी शंका घेतली आहे. स्मारक म्हणजे पुरावा नव्हे, हे इथे लक्षात ठेवावे. निर्विवाद आहे ते इतके : काम्पान्योलोने १९३३ साली व्हिचेन्झा येथे स्वतःचा कारखाना काढला, आणि पोकळ आसातून जाणारी सळई व तिच्या टोकाची दांडी ही रचना पुढे जगभरच्या शर्यतींच्या सायकलींवर रूढ झाली. हातमोजा न काढता चाक निघू लागले.

(१३)
१९३७ साली टूर द फ्रान्सने चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या डिरेलरला परवानगी दिली आणि चाक उलटे करण्याचा प्रकार संपला. परंतु हिवाळ्यासाठी हे वरदान निर्भेळ नव्हते. डिरेलर म्हणजे अधिक सांधे, अधिक स्प्रिंगा, अधिक तारा. त्या प्रत्येकात चिखल शिरू शकतो आणि पाणी गोठू शकते.

(१४)
म्हणूनच ब्रिटनमधील सायकल क्लबांनी हिवाळ्यासाठी उलट दिशेचा मार्ग धरला. शर्यतीची चांगली सायकल शरद ऋतूत खुंटीला टांगायची आणि जुनी, जड सायकल बाहेर काढायची. तिला मडगार्ड बसवायचे आणि मागे 'फिक्स्ड' चक्र लावायचे. त्यात फ्रीव्हील नसते. चाक फिरते तोवर पॅडल फिरतच राहते. गिअर नाहीत, म्हणून बिघडण्यासारखे फारसे काही नाही. शिवाय निसरड्या रस्त्यावर पायांनीच हलका ब्रेक लावता येतो.

(१५)
मडगार्ड हा तर सामूहिक शिष्टाचाराचा भाग होता. मागचे चाक रस्त्यावरचे पाणी उडवते ते पाठीमागून येणाऱ्याच्या तोंडावर. मडगार्ड नसलेल्याने ताफ्याच्या शेवटी राहावे, हा अलिखित नियम अनेक क्लबांत आजही पाळला जातो. पुढच्याने स्वतःच्या नव्हे, तर मागच्याच्या सोयीसाठी बाळगायचे असे हे बहुधा एकमेव साधन.

(१६)
युरोपातील रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो आणि रस्ता मोकळा होतो. पण खारट पाणी विजेचे उत्तम वाहक असल्यामुळे लोखंडाचे गंजणे वेगाने होते. पोलादी चौकटीत बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या सीटच्या दांडीला ग्रीस लावलेले नसेल, तर दोन धातूंतील विद्युत-रासायनिक क्रियेने ती असा ठाव धरते की पुढे कापूनच काढावी लागते.

(१७)
यातून हिवाळ्याची दिनचर्या घडली. घरी आल्यावर आधी सायकल, मग आंघोळ. साध्या पाण्याने मीठ धुवायचे, चेन फडक्याने पूर्ण कोरडी करायची, मग प्रत्येक सांध्यावर दाट तेलाचा थेंब सोडून वरचे जादा तेल पुसून टाकायचे. पातळ तेल पहिल्याच पावसात वाहून जाते आणि पुसायचे राहिलेले तेल वाळू धरून ठेवते. बेअरिंगमध्ये ग्रीस, टायरमध्ये थोडी कमी हवा, आणि टायरच्या रबरात रुतलेल्या काचा-खड्यांची नियमित तपासणी. ओल्या रस्त्यावर अणकुचीदार खडे टायरमध्ये अधिक सहज घुसतात.

(१८)
सर्वांत धोकादायक दुबळा भाग होता ब्रेक. क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर पाणी साचले की रबरी ब्रेक जवळजवळ निकामी होत. ॲल्युमिनियमच्या रिमने स्थिती सुधारली, पण वाळूमिश्रित चिखल रिमलाच कानशीसारखा घासू लागला. चिखलापासून दूर, हबपाशी बसणाऱ्या डिस्क ब्रेकना रस्त्यावरील शर्यतींत पूर्ण मान्यता मिळायला २०१८ साल उजाडले.

(१९)
साधने सुधारत होती, पण शर्यतींची मानसिकता १९१० चीच होती. ८ जून १९५६ रोजी जीरो द'इतालियाचा टप्पा मोंते बोन्दोने पर्वतावर हिमवादळात सापडला. आघाडीवर असलेल्या फोर्नारासह जवळजवळ निम्म्या स्वारांनी माघार घेतली. आदल्या दिवशी १६ मिनिटांनी पिछाडीवर असलेला लक्झेंबर्गचा शार्ली गोल तो टप्पा जिंकून थेट अग्रस्थानी आला आणि पुढे स्पर्धाही जिंकला. माथ्यावर त्याला सायकलवरून उचलून घ्यावे लागले.

(२०)
२० एप्रिल १९८०, बेल्जियम. लिएज–बास्तोन्य–लिएज शर्यत सुरू झाली आणि लगेचच बर्फ पडू लागले. १७४ जण निघाले, २१ जण पोहोचले. फ्रान्सचा बेर्नार इनो ९ मिनिटे २४ सेकंदांच्या फरकाने जिंकला. पण त्याच्या दोन बोटांची संवेदना पुन्हा कधीच पूर्णपणे परतली नाही. क्रिस्तॉफनंतर सत्तर वर्षे लोटली होती, तरी थंडी आपली वसुली करतच होती.

(२१)
५ जून १९८८ हा दिवस या इतिहासातील वळण म्हणावा लागेल. जीरोला त्या दिवशी गाविया खिंड ओलांडायची होती : उंची २६२१ मीटर, म्हणजे कळसूबाईहून जवळजवळ हजार मीटर अधिक, आणि रस्ता काही भागांत कच्चा. वर हिमवादळ असल्याची वार्ता सकाळीच आली होती. आयोजकांनी टप्पा रद्द केला नाही.

(२२)
अमेरिकेच्या सेव्हन-इलेव्हन संघाच्या व्यवस्थापकांनी त्या सकाळी एक साधी गोष्ट केली. ते स्थानिक दुकानांत गेले आणि स्कीइंगचे हातमोजे, टोप्या, गरम कपडे विकत घेतले. स्वारांच्या अंगाला जाड ग्रीस चोळण्यात आले. गरम चहा आणि कोरड्या कपड्यांच्या पिशव्या माथ्याजवळ पोहोचवण्यात आल्या. संघाच्या अँडी हॅम्पस्टनच्या हातांत निओप्रीनचे मोजे होते. पाणबुडे वापरतात तेच, ओले झाल्यावरही ऊब धरणारे.

(२३)
त्याच चढावर हॉलंडचा योहान फान डर वेल्डे अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत सर्वांच्या पुढे निघाला. माथा त्यानेच प्रथम गाठला. पण उतार सुरू होताच तो गारठला, आसऱ्याला थांबला आणि सुमारे ४७ मिनिटांनी मागे पडला. हॅम्पस्टन सात सेकंदांनी दुसरा आला, परंतु अग्रस्थानाची गुलाबी जर्सी त्याच्याकडे गेली. आठवडाभराने जीरो जिंकणारा तो पहिला अमेरिकी ठरला.

(२४)
फान डर वेल्डेच्या धैर्याविषयी कुणी शंका घेणार नाही. दोघांत फरक होता तो पिशवीचा. या दिवसानंतर संघांच्या गाड्यांत पावसाळी पिशवी हे अनिवार्य सामान मानले जाऊ लागले.

(२५)
कापडही बदलत होते. १९६९ साली रॉबर्ट गोर यांना टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक झटक्याने ताणल्यास त्यात अतिसूक्ष्म छिद्रे पडतात, असे आढळले. ही छिद्रे पाण्याच्या थेंबाला अडवतात, पण घामाची वाफ बाहेर जाऊ देतात. अंगालगत घाम खेचून घेणारा पातळ थर, मध्ये उबेचा थर, बाहेर वारा अडवणारे कवच ही आजची रचना याच विचारातून आली. छातीवर वारारोधक आणि पाठीला हवेशीर अशा जॅकेटने वर्तमानपत्राची जागा घेतली.

(२६)
१७ मार्च २०१३. पुन्हा मिलान–सान रेमो, पुन्हा बर्फ, पुन्हा तीच तुर्किनो खिंड. या वेळी आयोजकांनी खिंडीआधीच शर्यत थांबवली, स्वारांना बसमध्ये बसवले आणि डोंगरापलीकडे नेऊन पुढची शर्यत घेतली. मार्ग सुमारे ५० किलोमीटरने कमी झाला. जर्मनीचा गेराल्ड चिओलेक जिंकला.

(२७)
अनेक चाहते संतापले. क्रिस्तॉफने केले ते आजच्या स्वारांना का जमू नये, असा त्यांचा सवाल होता. त्याचे उत्तर १९१० च्या नोंदीतच आहे : महिनाभराचे रुग्णालय. २०१६ पासून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने प्रतिकूल हवामानासाठी लेखी कार्यपद्धती लागू केली. साचलेले बर्फ, गोठणारा पाऊस, सोसाट्याचा वारा अशा स्थितीत आयोजक, संघ, स्वारांचे प्रतिनिधी आणि डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात.

(२८)
१९१० मध्ये थांबावे की नाही, हा निर्णय गारठलेल्या स्वाराचा एकट्याचा होता, आणि त्याला सावरणारा होता तो एक वाटसरू व एक खानावळवाला. आज तो निर्णय कोरड्या कपड्यांत बसलेली माणसे आधीच घेतात. या १०३ वर्षांत हातमोजे, ब्रेक, कापड सारेच बदलले. सर्वांत उशिरा बदलला तो नियम.

#थ्रेड_समाप्त