टोकावरील गड्याचें मोल

जो मनुष्य एकच काम करतो त्याचें मोल ठरविणें सोपें असतें. जो दोन कामें करतो त्याचें मोल ठरवितांना मात्र भल्याभल्यांचा हिशोब चुकतो. लग्नघरांत पंगतीला वाढणारा आणि वेळ पडल्यास आचाऱ्याच्या हाताखालीं चुलीपाशीं बसणारा असा एखादा आप्त असतोच. कार्य पार पडल्यावर वाढप्यांची वाखाणणी होते, आचाऱ्याचा सन्मान होतो, आणि हा मात्र दोन्हीं याद्यांतून वगळला जातो. अमेरिकेंतील फुटबॉलच्या खेळांत अशीच एक जागा आहे. तिचें नांव 'टाइट एंड'. हंगाम संपून वसंत ऋतु आला कीं तेथील संघांचे चालक आणि चाहते एका प्रश्नावर हिरीरीनें वाद घालूं लागतात: ह्या जागेवरचा साधारण गडी काढून त्याहून सरस गडी आणण्यांत पैसा घालावा, कीं तोच पैसा दुसऱ्या जागेवर खर्चावा? वाद खेळाचा खरा. पण श्रमाचें मोल कशानें मोजावें हा त्याच्या पोटांतील प्रश्न केवळ खेळापुरता नाहीं. म्हणून त्या जागेचा इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्याकडे ज्यास फुटबॉल म्हणतात त्याहून हा खेळ अगदीं निराळा. ह्यांत चेंडू लांबट असून तो बहुधा हातानेंच नेतात. दोन्हीं बाजूंस अकरा-अकरा गडी. ज्यांच्या ताब्यांत चेंडू असेल त्यांनीं चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढें सरकावें, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. १८८० सालीं वॉल्टर कॅम्प ह्याच्या सूचनेवरून दोन्हीं पक्षांनीं एका रेषेच्या अलीकडे-पलीकडे समोरासमोर उभें राहण्याची पद्धत सुरू झाली आणि खेळास आजचें वळण लागलें. पुढें त्यांत इतकी झोंबाझोंबी माजली कीं १९०५ सालीं अनेक तरुण प्राणांस मुकले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनीं त्याच वर्षीं मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींस बोलावून खेळ सुधारण्याविषयीं बजावलें, आणि १९०६ सालीं चेंडू हातानें पुढें फेकण्याची मुभा प्रथमच मिळाली.

फेकीच्या ह्या नियमांतच आमच्या गड्याचा जन्म आहे. चढाई करणाऱ्या पक्षाचे सात गडी रेषेवर उभे राहतात. त्यांपैकीं मधल्या पांचांनीं फेकलेला चेंडू झेलावयाचा नाहीं; प्रतिपक्षास अडवून धरावें एवढेंच त्यांचें काम. झेलण्याचा अधिकार रेषेच्या दोन टोकांवरील गड्यांस आणि रेषेमागें उभ्या असणाऱ्यांस. कालांतरानें एका टोकाचा गडी मैदानाच्या कडेकडे दूर जाऊन उभा राहूं लागला. धांवणें आणि झेलणें हाच त्याचा व्यवसाय झाला. दुसऱ्या टोकाचा गडी मधल्या पांचांस बिलगूनच राहिला. हाच टाइट एंड, म्हणजे टोकाचा बिलगलेला गडी. तो जणूं उंबरठ्यावर उभा असतो: आंत वळला तर अडविणारा, बाहेर पडला तर झेलणारा. खेळी सुरू होईपर्यंत तो कोणतें काम करणार हें प्रतिपक्षास कळत नाहीं, आणि त्याचें खरें सामर्थ्य ह्या न कळण्यांत आहे.

तेथील व्यावसायिक संघ दर वर्षीं विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची पाळीपाळीनें निवड करतात. आदल्या हंगामांत जो संघ सर्वांत मागें पडला त्याची पाळी साधारणपणें पहिली. १९५७ सालीं ग्रीन बे येथील संघानें अशा निवडींत चौथ्या क्रमांकास रॉन क्रेमर ह्यास घेतलें. १९५९ सालीं व्हिन्स लोंबार्डी हा विख्यात गुरु त्या संघास लाभला. त्याची आवडती खेळी अशी होती कीं, चेंडू घेतलेल्या गड्यानें बगलेकडे धांव घ्यावी आणि टाइट एंडनें समोरच्या रक्षकास ज्या बाजूस रेटलें असेल त्याच्या उलट बाजूनें वाट काढावी. म्हणजे सगळ्या खेळीची दिशा क्रेमरच्या खांद्यावर ठरे. १९६१ व १९६२ ह्या दोन्हीं सालीं तो संघ अजिंक्य ठरला. परंतु खांद्यानें काढून दिलेल्या वाटेची नोंद कोणत्याहि वहींत होत नाहीं; वहींत नांव येतें तें त्या वाटेनें धांवलेल्याचें.

त्याच १९६१ सालीं शिकागोच्या संघांत माइक डिटका आला आणि ह्या जागेची दुसरी बाजू उजेडांत आली. पहिल्याच हंगामांत त्यानें ५६ वेळां चेंडू झेलून १,०७६ यार्ड मिळविले व १२ वेळां चेंडू अंतिम रेषेपलीकडे नेला. अडविणारा गडी असा धांवूंहि शकतो हें पाहून जाणते चकित झाले. तरीहि मानसन्मानाच्या बाबतींत ही जागा उपेक्षितच राहिली. ओहायो प्रांतांत कँटन येथें १९६३ सालीं ह्या खेळाचें सन्मानमंदिर उघडलें. त्यांत टाइट एंड म्हणून पहिला प्रवेश डिटका ह्यास मिळाला तो १९८८ सालीं. मध्यें पंचवीस वर्षें गेलीं!

१९७९ सालीं सॅन डिएगोच्या संघानें केलेन विन्स्लो ह्यास निवडलें. डॉन कॉरिएल ह्या गुरूनें त्यास रेषेपासून सोडवून मैदानभर फिरविलें. २ जानेवारी १९८२ रोजीं मायामी येथील सामन्यांत विन्स्लोनें १३ वेळां चेंडू झेलून १६६ यार्ड मिळविले, प्रतिपक्षाची निर्णायक ठरूं शकणारी लाथेची फेक हात उंचावून अडविली, आणि जादा वेळांत ४१ विरुद्ध ३८ असा विजय मिळाल्यावर तो दोन सोबत्यांच्या खांद्यांवर हात टाकून कसाबसा बाहेर आला. इतकें असूनहि कॉरिएलच्या कारकीर्दींत त्या संघास अखेरच्या सामन्याचें दार कधीं उघडलें नाहीं. येथूनच वादाचें खरें बीज पडलें: असामान्य टाइट एंड मिळाला म्हणून संघ असामान्य होतो काय?

नाहीं म्हणणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाहीं. ते म्हणतात, ह्या जागेचीं रत्नें महाग बाजारांत शोधूंच नयेत. अँटोनिओ गेट्स ह्यास २००३ सालीं कोणीहि निवडलें नव्हतें. विद्यापीठांत तो बास्केटबॉल खेळत असे. पुढें त्याच गड्यानें ११६ वेळां चेंडू अंतिम रेषेपलीकडे नेऊन आपल्या जागेचा उच्चांक केला. ट्रॅव्हिस केल्सी २०१३ सालीं तिसऱ्या फेरींत, तर जॉर्ज किटल २०१७ सालीं पांचव्या फेरींत मिळाला. उलट पक्षीं अटलांटानें २०२१ सालीं काइल पिट्स ह्यास चौथ्या क्रमांकास घेतलें. पहिल्या हंगामांत त्यानें १,०२६ यार्ड मिळविले, पण दुसऱ्या हंगामांत गुडघा दुखावून तो ३५६ यार्डांवर थांबला. त्याच २०२१ सालीं न्यू इंग्लंडच्या संघानें एकदम दोन टाइट एंड विकत घेतले. हंटर हेन्री ह्याचा करार तीन वर्षांचा, ३ कोटी ७५ लाख डॉलरांपर्यंतचा; जोनू स्मिथ ह्याचा चार वर्षांचा, ५ कोटींपर्यंतचा. हेन्रीनें पहिल्या हंगामांत ९ वेळां चेंडू अंतिम रेषेपलीकडे नेला. अधिक दामाच्या स्मिथनें केवळ २८ झेल घेतले, आणि २०२३ सालीं संघानें त्यास दुसरीकडे देऊन टाकलें. सर्वांत बोलकें उदाहरण २०२४ चें. लास व्हेगसच्या ब्रॉक बॉवर्स ह्यानें पहिल्याच हंगामांत ११२ झेल व १,१९४ यार्ड मिळवून डिटकाचा त्रेसष्ट वर्षांचा उच्चांक मोडला. त्याच्या संघानें मात्र सतरांपैकीं चारच सामने जिंकले.

दुसऱ्या पक्षाचीं उदाहरणेंहि तोलामोलाचीं आहेत. न्यू इंग्लंडनें २०१० सालीं दुसऱ्या फेरींत रॉब ग्रोंकाउस्की ह्यास घेतलें. २०११ च्या हंगामांत त्यानें १७ झेलांवर चेंडू अंतिम रेषेपलीकडे नेला आणि संघ अखेरच्या सामन्यापर्यंत पोंचला. कॅन्सस सिटीनें २०२२ सालीं आपला सर्वांत वेगवान धांवपटू टायरीक हिल ह्यास सोडलें, तेव्हां पुष्कळांनीं त्या संघाच्या नांवानें सुस्कारे टाकले. पण केल्सीच्या आधारावर तो संघ त्या हंगामांत अजिंक्य ठरला आणि पुढच्याहि. ह्याचें इंगित त्या उंबरठ्यांत आहे. असा गडी समोर असला म्हणजे प्रतिपक्षाची कोंडी होते. त्यानें दणकट रक्षक उभे केले तर हा त्यांच्यापुढून धांवत सुटतो. चपळ रक्षक उभे केले तर हा त्यांस रेटून धांवणाऱ्यास वाट करून देतो.

दोन्हीं पक्ष खरें बोलतात, मग गफलत कोठें होते? आमच्या मतें ती दोन ठिकाणीं होते. टाइट एंड स्वतः चेंडू फेकीत नाहीं. तो फेकणारा आणि त्या फेकणाऱ्यास सांभाळणारी मधली रेषा ठीक नसेल, तर नवा गडी म्हणजे पडक्या वाड्यास लावलेला शिसवी दरवाजा. ग्रोंकाउस्कीस टॉम ब्रॅडी लाभला, केल्सीस पॅट्रिक माहोम्स. बॉवर्सच्या पहिल्या हंगामांत त्यास तसें कोणी नव्हतें. दुसरी चूक याहून सूक्ष्म. सरस गडी शोधावयाचा म्हणजे अधिक झेल घेणारा शोधावयाचा, असें चालक धरून चालतात. पण ज्यास अडवितां येत नाहीं त्याच्या मनांत काय आहे हें प्रतिपक्षास आधींच कळतें. मग उंबरठा उरतच नाहीं, आणि टाइट एंडच्या नांवाखालीं थोडा संथ धांवपटू तेवढा पदरांत पडतो.

नांवावरून मोल कसें ठरतें ह्याचा निवाडा तर एकदां पंचापुढेंच झाला. २०१४ सालीं न्यू ऑर्लिन्सच्या संघानें जिमी ग्रॅहॅम ह्यास एक वर्ष राखून ठेवण्याचा हक्क वापरला. अशा वेळीं त्या त्या जागेच्या सर्वोच्च वेतनांवरून रक्कम ठरते: टाइट एंडला सुमारे ७० लाख डॉलर, दूर उभ्या राहणाऱ्या धांवपटूस सुमारे १ कोटी २३ लाख. ग्रॅहॅमचें म्हणणें असें कीं, मी बहुतेक वेळ रेषेपासून दूर उभा राहून झेलतों, म्हणून मला धांवपटू समजावें. पंच स्टीफन बर्बँक ह्यांनीं तो रेषेच्या टोकापासून किती अंतरावर उभा राहतो हें पाहिलें, आणि चार यार्डांच्या आंतला गडी टाइट एंडच होय असा निर्णय दिला. चार यार्डांचें अंतर आणि पन्नास लाखांचा फरक!

परंतु सरस गडी विकत आणावा कीं नाहीं हा वाद मुळांत शक्य झाला तो कोणामुळें, हें वादी विसरतात. बाल्टिमोरचा जॉन मॅकी १९६३ पासून ह्या जागेवर खेळला. १९७१ च्या जानेवारींत अखेरच्या सामन्यांत ७५ यार्डांची धांव घेऊन त्यानें संघाच्या विजयास हातभार लावला. खेळाडूंच्या संघटनेचा तो अध्यक्ष होता. त्या काळीं करार संपलेल्या खेळाडूस दुसऱ्या संघानें घेतलें तर त्या संघास जुन्या संघाची भरपाई करावी लागे, आणि एकमत न झाल्यास ती आयुक्त पीट रोझेल हे ठरवीत. ह्या धाकानें कोणी कोणास घेतच नसे. मॅकी प्रभृतींनीं न्यायालयांत दाद मागितली आणि १९७६ सालीं तो नियम वरिष्ठ न्यायालयांतहि बेकायदा ठरला. पूर्ण खुला बाजार यावयास १९९३ साल उजाडलें. पण बंद दारावर घाव घातला तो एका टाइट एंडनें. त्याला स्वतःला सन्मानमंदिरांत स्थान मिळालें तें निवृत्तीनंतर वीस वर्षांनीं, १९९२ सालीं.

उत्तरायुष्यांत मॅकीस स्मृतिभ्रंश जडला. त्याच्या शुश्रूषेचा खर्च पत्नीस झेपेना, तेव्हां २००७ सालीं अशा वृद्ध खेळाडूंसाठीं एक साहाय्ययोजना निघाली. त्याच्या पाठीवरील ८८ ह्या आंकड्यावरून तिचें नांव पडलें, आणि वार्षिक मदतीची मर्यादाहि ८८,००० डॉलर ठेवण्यांत आली. २०११ सालीं, वयाच्या ६९ व्या वर्षीं, तो वारला. पुढें त्याच्या मेंदूच्या तपासणींत वारंवार बसलेल्या आघातांच्या खुणा आढळल्या. झेल मोजले गेले होते. आघात कोणीं मोजले नव्हते.

तेव्हां ह्या वादांत आमचें मत विचारलें तर आम्ही म्हणूं कीं, संघाचा फेकणारा आणि मधली रेषा बळकट असेल तर सरस टाइट एंडवर अवश्य खर्च करावा, नसेल तर आधीं तीं दोन छिद्रें बुजवावीं. मात्र गडी पारखतांना झेलांची वही बाजूस ठेवून त्यानें सोबत्यांसाठीं किती वाटा मोकळ्या केल्या हें पाहावें. आणि लग्नकार्य उरकल्यावर सर्वांचे मानपान होत असतील तेव्हां, चुलीपाशीं बसून मग वाढावयास उठलेला तो आप्त कोठें आहे, हेंहि एकदां विचारावें.