बूम हातात, पगार नाही: टीव्हीच्या बातमीतल्या शिकाऊंचा इतिहास

नारळी पौर्णिमेला खारदांड्यात एक गोष्ट ठरलेली असते. सजवलेला नारळ घेऊन मंडळी समुद्राकडे निघाली की गर्दीत कुठून तरी विशी-एकविशीचं एक पोर किंवा पोरगी चॅनलचा बूम घेऊन उगवते आणि पहिल्या दिसलेल्या बाईला विचारते, "मावशी, आज कसं वाटतंय?" मावशीला आज बरं वाटत असतं, ती तसं सांगते. बाइट झाला.

त्या पोराला हसू नका. सकाळी असाइनमेंट डेस्कने त्याला सांगितलेलं असतं: कोळीवाड्यात जा, तीन बाइट, थोडं नाचगाणं, एक पीटूसी, आणि बारापर्यंत फीड पाठव. सोबतचा कॅमेरामन जुना असतो, तो निभावून नेतो. दांड्यातल्या लोकांच्या लेखी ते पोर म्हणजे 'चॅनलवाला'. बऱ्याचदा तो इंटर्न असतो, कॉलेजच्या सुट्टीत आलेला, आणि त्या दिवसाचे त्याला शून्य रुपये मिळतात हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

हा फुकटातला शिकाऊ टीव्हीच्या बातमीत कसा आला, ते जरा मागे जाऊन बघू. सुरुवातीला तो नव्हता.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून सुरू झालं. दिल्लीत १९५९ पासून टीव्ही होता, त्यानंतरचं देशातलं हे दुसरं केंद्र. १ एप्रिल १९७६ पर्यंत दूरदर्शन आकाशवाणीचाच भाग होतं. मराठीत टीव्हीची बातमी कशी द्यायची हे शिकवणारं इथे कुणी नव्हतं, म्हणजे सगळेच शिकाऊ. भक्ती बर्वे नाटकातून आल्या, अनंत भावे मराठीचे प्राध्यापक. प्रदीप भिडे पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता शिकून आले. आणि स्मिता पाटील तर तेव्हा कॉलेजातली मुलगी. जीन्सवरच साडी गुंडाळून ती बातम्या वाचायला बसायची, ही आठवण तुम्ही दहा वेळा वाचली असेल.

तिच्या गोष्टीतला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दूरदर्शनवर बातम्या देणाऱ्या ज्योत्स्ना किरपेकर तिच्या मैत्रीण. त्यांचे पती दीपक किरपेकर यांनी काढलेले स्मिताचे फोटो केंद्राचे संचालक पी. व्ही. कृष्णमूर्ती यांच्या नजरेला पडले आणि तिला बोलावणं गेलं, असं सांगतात. वडील शिवाजीराव पाटील राजकारणातलं मोठं नाव. तिच्या गुणांबद्दल वाद नाहीच. पण दार उघडलं ते ओळखीने. तेव्हाच्या दांड्यातल्या, तितकाच खणखणीत आवाज असलेल्या एखाद्या मुलीचा फोटो वरळीच्या त्या टेबलावर पोचायचा रस्ताच नव्हता. दांडा ते वरळी समुद्रातून बघितलं तर समोरासमोर आहे, तरी.

मात्र एक गोष्ट त्या काळाच्या बाजूने मांडायला हवी. वृत्तनिवेदक नैमित्तिक असले तरी बुलेटिनमागे मानधन मिळे. रक्कम थोडी असेल, पण शिकणारा माणूसही काम करतोय हे सरकारी हिशेबाच्या वहीत लिहिलेलं असायचं. दूरदर्शनच्या नोकरीत असलेल्यांना शिकवायला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये १९७४ पासून टीव्ही विभाग होता. शिकवण्याचा खर्च शिकवणाऱ्याने करायचा, एवढा साधा नियम.

मग नव्वदीत केबल आली. केबलच्या कायद्याला १९९५ साल उजाडलं, तोवर उपनगरांत गल्लोगल्ली वायरी टाकून झाल्या होत्या. ऑपरेटरच्या कंट्रोल रूममधून एक चॅनल स्थानिक असे. त्यावर दुपारी सिनेमा, संध्याकाळी वॉर्डातली बातमी: तुंबलेलं गटार, नगरसेवकाचं उद्घाटन, शाळेचं गॅदरिंग, गणपती. दर्जा यथातथाच. निम्म्या बातम्या म्हणजे कुणाची तरी जाहिरात. पण ज्याच्याकडे कॅमेरा तो बातमीदार, असा हा कारभार असल्याने गल्लीतलं पोर लग्नाचं शूटिंग करता करता बातमी शिकायचं, आणि शिकायचं ते स्वतःच्याच मोहल्ल्याबद्दल. १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईत अ‍ॅनालॉग केबल बंद झाली, सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. सिग्नल मोठ्या कंपनीच्या हेडएंडवरून यायला लागला आणि गल्लीतल्या ऑपरेटरची कंट्रोल रूम निकामी झाली. चित्र स्वच्छ झालं हे खरं. पण पैसा किंवा ओळख नसताना आत शिरायची जी एक कच्ची पायवाट होती, ती त्यात बुजली. त्या कॅसेटी कुणी जपून ठेवल्या असतील तर मला जरूर कळवा. उपनगरांची वीस वर्षं त्यात असतील.

दरम्यान २००० साली ईटीव्ही मराठी आलं. त्याचा डेस्क हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत. महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतली मुलं तिकडे विद्यावेतनावर शिकाऊ म्हणून गेली आणि आज मराठी चॅनलांत वरच्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी बरेच जण त्याच बॅचेसमधले. घरापासून लांब आणि काम रगडून, पण महिन्याला हातात काहीतरी यायचं.

खरा बदल त्यानंतरचा. मुंबई विद्यापीठाचा बीएमएम अभ्यासक्रम २००० च्या सुमारास सुरू झाला आणि दरवर्षी माध्यमांचे पदवीधर बाहेर पडू लागले. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, २००८ मध्ये आयबीएन लोकमत. चोवीस तास पडदा भरायचा, बजेट मराठीचं. एकीकडे माणसं हवीत, दुसरीकडे अनुभवाच्या प्रमाणपत्रासाठी मुलं रांगेत. इथे फुकटचा इंटर्न जन्माला आला. कुणी कट केला नाही. दोन्ही बाजूंची गरज होती आणि मधे बोलायला कुणी नव्हतं.

न्यूजरूममधलं त्याचं काम बाहेरून दिसत नाही. तासाभराच्या पत्रकार परिषदेतला कामाचा वाक्यांश किती मिनिटाला आहे ते लिहून ठेवायचं. टिकरमधले ऱ्हस्व-दीर्घ बघायचे. चर्चेच्या पाहुण्याला फोन, त्याची गाडी, त्याचा चहा. लायब्ररीतून मागच्या पावसाचे शॉट शोधायचे. यातून शिकायला मिळतं का? मिळतं, भरपूर मिळतं. चांगला सीनियर भेटला तर दोन महिन्यांत कॉलेजच्या दोन वर्षांएवढं मिळतं. पण हे काम त्या मुलाने केलं नाही तर पगारी माणसाला करावं लागेल, हेही तितकंच खरं.

कायद्याला हा मुलगा दिसतो का? श्रमिक पत्रकारांचा १९५५ चा कायदा वर्तमानपत्रांपुरता. पालेकर, बच्छावत ते २०११ चा मजिठिया, सगळे वेतन आयोग छापील पत्रकारितेचे आणि वृत्तसंस्थांचे. टीव्हीचा पगारी पत्रकारच त्यात नव्हता, इंटर्न तर दूरच. २०२० च्या कामगार संहितेत श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमं आली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागूही झाली. पण व्याख्या म्हणते, मुख्य व्यवसाय पत्रकारिता हवा. विद्यार्थ्याचा मुख्य व्यवसाय शिकणं. म्हणजे तो पुन्हा बाहेर.

एकच कायदा त्याला स्पष्ट ओळखतो: कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा. त्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत प्रशिक्षणार्थी, शिकाऊ आणि बिनपगारी काम करणारेसुद्धा येतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शक्ती मिलच्या आवारात जिच्यावर सामूहिक अत्याचार झाला ती छायापत्रकार एका इंग्रजी नियतकालिकात इंटर्न होती. तेव्हा आठवडाभर चर्चा झाली, की शिकाऊ मुलांना कुठे पाठवायचं, कुणाच्या जबाबदारीवर, विमा कुणाचा. नंतर चर्चा थांबली. मुलं जातच राहिली.

अमेरिकेत हाच प्रश्न कोर्टात गेला होता. २०१४ मध्ये एनबीसी युनिव्हर्सलने बिनपगारी इंटर्न्सचा दावा ६४ लाख डॉलर देऊन मिटवला. आपल्याकडे दावा लावणार कोण? ज्याला त्याच क्षेत्रात नोकरी हवी आहे तो लावत नाही.

आता तर नव्या शैक्षणिक धोरणाने इंटर्नशिप अभ्यासक्रमातच आणली आहे. एका श्रेयांकाला तीस तास धरले तर चार श्रेयांकांना १२० तास. सरकारच्या विद्यावेतनाच्या योजना आहेत, पण गंमत बघा: केंद्राची २०२४ ची पाच हजारांची इंटर्नशिप योजना सुरू झाली तेव्हा पूर्णवेळ शिकणाऱ्याला नव्हती, आणि राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजनाही शिक्षण सुरू असलेल्याला नाही. रेल्वेची विद्यार्थी सवलत घर ते कॉलेज एवढीच. न्यूजरूम दुसऱ्या स्टेशनवर असेल तर पास पूर्ण भावाचा. जेवण बाहेरचं, रात्रीची शिफ्ट संपली की रिक्षा. ज्या घरात मे महिन्यात पोराने चार पैसे आणावेत अशी अपेक्षा असते, त्या घरातलं पोर इंटर्नशिपचं पत्र घरी दाखवायलाही कचरतं. कोळीवाड्यात तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. हातात पैसा नसण्याचे हेच महिने.

याचा परिणाम बातमीवर होतो, म्हणून हा सगळा प्रपंच. कोस्टल रोडच्या वेळी वरळी कोळीवाड्याचे मच्छीमार सांगत होते, दोन खांबांतलं ६० मीटर अंतर होड्यांना पुरणार नाही, १६० मीटर तरी हवं. महिनोन् महिने पडद्यावर ही बातमी 'कोळ्यांचा विकासाला विरोध' अशीच फिरत राहिली. भरती-ओहोटीच्या वेळी, वारा आडवा असताना, दोन होड्या समोरासमोर आल्या तर खांबांमधून कशा काढायच्या, हे ग्राफिक करून समजावणारा कुणी डेस्कवर फारसा नव्हता. शेवटी १२० मीटर मान्य झाले, तेही मच्छीमार हटले नाहीत म्हणून. आता वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचे खांब दांड्याच्या समोरच्या पाण्यात येतायत. तोच प्रश्न, तेच पाणी. त्या बातमीवर पाठवलेला इंटर्न नाखव्याला विचारेल, "काका, आज कसं वाटतंय?"

दांड्यातली तीन-चार मुलं तरी आज मास मीडिया शिकतायत. त्यांच्या कॉलेजांनी करारपत्रात तीन ओळी घालाव्यात: प्रवासखर्च, रात्री उशिरा घरी सोडायची सोय, अपघात विमा. विद्यावेतनाचं भांडण त्यानंतर करू. चॅनलांत काम करणाऱ्या मित्रांनो, तुमच्याकडे यातलं काय मिळतं ते खाली लिहा. चॅनलचं नाव नाही लिहिलंत तरी चालेल, आकडा लिहा.