कॉन्फितेरी

लॅटिन क्रियापद. अर्थ : कबूल करणे, उघडपणे मान्य करणे. उत्तमपुरुषी एकवचन ‘कॉन्फितेओर’. रूप कर्मणी, पण अर्थ कर्तरी असलेल्या क्रियापदांपैकी हे एक. ‘फातेरी’ म्हणजे मान्य करणे. त्याला ‘कॉन्’ हा उपसर्ग लागून हा शब्द बनला. मुळाशी ‘बोलणे’ या अर्थाचा धातू आहे. रोमन न्यायव्यवहारात गुन्ह्याच्या कबुलीसाठी हे क्रियापद वापरीत. मराठीतला ‘कबुलीजबाब’ त्याच्या जवळचा.

ख्रिस्ती लॅटिनमध्ये त्याला दुसरा अर्थ मिळाला. बायबलमधील स्तोत्रांच्या लॅटिन भाषांतरात तो ‘देवाची स्तुती करणे’ अशा अर्थाने वारंवार येतो. संत ऑगस्टीनने इ.स. 397 ते 400 च्या सुमारास लिहिलेल्या आत्मकथनाच्या ‘कॉन्फेसिओनेस’ या नावात दोन्ही अर्थ आहेत. ते केवळ पापांची कबुली म्हणून वाचले तर निम्मा ग्रंथ हातचा जातो.

‘कॉन्फितेओर’ या शब्दाने सुरू होणारी प्रार्थना मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, म्हणतात. तीत ‘मेआ कुल्पा’, म्हणजे ‘माझा अपराध’, असे शब्द येतात. हे शब्द उच्चारताना भाविक छातीवर मूठ आपटतात. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने समजत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीला वर्षातून किमान एकदा धर्मगुरूपुढे पापनिवेदन बंधनकारक केले.

या क्रियापदाच्या भूतकालवाचक धातुसाधितापासून उत्तरकालीन लॅटिनमध्ये नवे क्रियापद बनले, त्यातून पोर्तुगीज ‘कॉन्फेसार’ आले आणि गोव्याच्या कोकणीत त्याचे ‘कुमसार’ झाले. स्तुतीचा अर्थ या वाटेत गळाला. लाकडी पेटीत धर्मगुरू बसतो, बाजूच्या जाळीशी भाविक गुडघे टेकून हलक्या आवाजात बोलतो : कुमसार म्हणजे एवढेच. मराठी ख्रिस्ती वापरात मात्र ‘पापे पदरी घेणे’ असा अस्सल देशी वाक्प्रचार आहे, आणि तो उसन्या शब्दापेक्षा अधिक बोलका आहे.

गोव्यातून स्थलांतरित झालेल्या कॅथलिकांबरोबर कुमसार मंगळूरला गेला. टिपू सुलतानाने 1784 मध्ये तिथल्या कॅथलिकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेले आणि त्यांच्या पाद्र्यांना हद्दपार केले. पापमुक्ती देण्याचा अधिकार फक्त धर्मगुरूला असल्याने पाद्री नाही तिथे कुमसारही नाही, ही त्या बंदिवासातली मोठी धार्मिक कोंडी होती. 1799 मध्ये टिपूच्या मृत्यूनंतर कैदी सुटले.

गंभीर पापांची वर्षातून किमान एकदा कबुली देण्याचा नियम 1983 च्या कॅथलिक धर्मविधानातही कायम आहे.