यहुदी धर्मात प्रवेश कसा होतो? एकट्या मुसाफिराची वाट आणि आपले मराठी बेने इस्राईल

जळगाव-धुळ्याकडचे आपले व्यापारी मुंबईला माल घ्यायला गेले की मस्जिद बंदरला जातातच. लांब पल्ल्याची गाडी तिथं थांबत नाही. सीएसएमटीला उतरून लोकलने एक स्टेशन मागं यावं लागतं. या स्टेशनला ‘मस्जिद’ हे नाव कोणत्या मशिदीवरून पडलं, असं आम्ही एकदा वर्गात विचारलं. मुलांनी भराभर मुंबईतल्या मशिदींची नावं घेतली. मुंबईत सांगितली जाणारी हकीकत मात्र वेगळीच आहे. जवळच्या सॅम्युअल स्ट्रीटवर १७९६ साली बेने इस्राईल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांनी आपलं पहिलं प्रार्थनास्थळ बांधलं. त्याचं हिब्रू नाव ‘शआर हारहमीम’, म्हणजे रहमतीचा दरवाजा. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि स्टेशनचं नाव त्यावरूनच आलं असं सांगतात.

वर्गात एकदम शांतता पसरली. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, यहुद्यांची मशीद?” आमच्या मुलांना ‘यहुदी’ हा शब्द बहुतेक शिवी म्हणूनच माहीत असतो. खेळात कुणी लबाडी केली की हा शब्द निघतो. पण एका मुलीने विचारलं, “सर, कुणाला यहुदी व्हायचं असेल तर होता येतं का?” तेव्हा आम्ही अर्धवट उत्तर दिलं. पूर्ण उत्तर इथं देत आहोत. हा लेख माहितीसाठी आहे, कुणाला दावत देण्यासाठी नाही. यहुदी स्वतःसुद्धा अशी दावत देत नाहीत, हे पुढं येईलच.

आधी शब्द समजून घेऊ

यहुदी धर्मात येण्याला हिब्रूत ‘गियूर’ म्हणतात. येणाऱ्या पुरुषाला ‘गेर’ आणि बाईला ‘गियोरेत’. तौरातमध्ये ‘गेर’चा मूळ अर्थ परका, दुसऱ्यांच्या मुलखात येऊन राहिलेला माणूस असा आहे. अरबीतला ‘जार’ (शेजारी, आसऱ्याला आलेला) हा याच घराण्यातला शब्द. आपण उर्दूत ‘कुर्ब-ओ-जवार’ म्हणतो, तोही त्याच मुळाचा. म्हणजे धर्म बदलून आलेला आणि प्रवास करून आलेला परका, दोघांना एकच शब्द. परक्याला छळू नका, कारण मिसरमध्ये तुम्हीही परकेच होता, ही ताकीद तौरातमध्ये पुन्हा पुन्हा येते. तलमूद या त्यांच्या ग्रंथात तर मोजणी दिली आहे: ३६ वेळा, काहींच्या मते ४६ वेळा.

पद्धत कशी असते

यहुदी धर्मात तबलीग जवळजवळ नाहीच. कुणी स्वतःहून रब्बीकडे गेलं तर आधी त्याला परतवतात. तीन वेळा परतवण्याचा रिवाज प्रसिद्ध आहे. कारण असं की, यहुदी नसलेल्या माणसाला जन्नतीसाठी यहुदी होण्याची गरज नाही असं ते मानतात, हजरत नूह (अलै.) यांच्या संततीसाठीचे सात हुकूम पाळले तरी पुरे. यहुदी झालं की मात्र ६१३ हुकमांचं ओझं खांद्यावर येतं. म्हणून “तुला माहीत आहे ना, या कौमने किती छळ सोसलाय?” असं विचारूनच पुढं बोलतात.

तरीही माणूस टिकून राहिला तर शिक्षण सुरू होतं. हे साधारण वर्षभर, कधी जास्तही चालतं. शनिवारचा सब्बाथ, खाण्यापिण्याचे कोशेर नियम, दुआ, सण, थोडी हिब्रू. हे सगळं पुस्तकातून शिकून भागत नाही, यहुदी वस्तीजवळ राहून पाळावं लागतं. शेवटी तीन जणांचं ‘बेथ दीन’ म्हणजे धर्मन्यायालय प्रश्न विचारतं. पुरुषाची खतना होते. आधीच झाली असेल तर रक्ताचा एक थेंब काढून विधी पूर्ण करतात. नंतर पुरुष असो वा बाई, ‘मिकवे’मध्ये, म्हणजे पावसाच्या किंवा झऱ्याच्या पाण्याच्या कुंडात, पूर्ण बुडी घ्यावी लागते. आपल्या गुस्लची आठवण यावी असाच हा प्रकार. मग नवं नाव मिळतं आणि वडिलांच्या नावाच्या जागी लिहितात ‘अब्राहामचा मुलगा’ किंवा ‘अब्राहामची मुलगी’. अब्राहाम म्हणजे आपले हजरत इब्राहीम (अलै.).

यहुद्यांमध्ये ऑर्थोडॉक्स, कन्झर्व्हेटिव्ह, रिफॉर्म असे पंथ आहेत. ऑर्थोडॉक्स रब्बी इतरांकडे झालेला प्रवेश सहसा मान्य करत नाहीत. इस्राईलचं नागरिकत्व हा तर आणखी वेगळा विषय. तिथल्या १९५० च्या कायद्यात १९७० साली बदल होऊन धर्मांतरितांचाही समावेश झाला, आणि इस्राईलमध्येच रिफॉर्म किंवा कन्झर्व्हेटिव्ह पद्धतीने झालेला प्रवेश नागरिकत्वापुरता धरावा, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. धर्मात येणं एक, देशाचं नागरिक होणं दुसरं, हे लक्षात ठेवलेलं बरं.

एकट्याने निघालेले

हजरत इब्राहीम (अलै.) घर, बाप, वतन सोडून निघाले. हिजरतीची ही आठवण यहुदी, ईसाई आणि मुसलमान तिघांच्याही घरात आहे. यहुदी परंपरेत दुसरं मोठं उदाहरण रूथ या बाईचं. ती मोआब मुलखातली, परक्या कौमची. नवरा वारला तरी यहुदी सासूला, नओमीला, तिने एकटीला जाऊ दिलं नाही. सासूने परत जा म्हणून समजावलं, पण ती तिच्याबरोबर बेथलहेमला आली. तीन वेळा परतवण्याचा रिवाज या किश्श्यावरूनच सांगतात. हीच रूथ पुढं दाऊद (अलै.) यांची पणजी झाली असं त्यांच्या ग्रंथात आहे.

इतिहासातला एक किस्सा आम्हाला शिक्षक म्हणून फार जवळचा वाटतो. दक्षिण इटलीतल्या ओप्पिदो गावचा योहान्नेस नावाचा एक ईसाई धर्मगुरू ११०२ साली यहुदी झाला आणि त्याने ओबद्या हे नाव घेतलं. पहिली क्रूसेड संपून तीनच वर्षं झाली होती. तो घर सोडून मुसलमानांच्या मुलखात आला: हलब, बगदाद, दमिश्क आणि शेवटी मिसरमधलं फुस्तात. बगदादमध्ये त्याला यहुदी प्रार्थनास्थळात राहायला जागा मिळाली आणि तौरात शिकायला त्याला यतीम मुलांच्या वर्गात बसवलं गेलं. दाढीवाला मोठा माणूस अनाथ मुलांच्या रांगेत बसून अक्षरं गिरवतोय, हे चित्र डोळ्यासमोर आणून पाहा. त्याने आपली हकीकत हिब्रूत लिहून ठेवली. तिची पानं काहिराच्या जुन्या प्रार्थनास्थळातल्या कागदांच्या ढिगात सापडली. त्याने सुरांच्या खुणांसह उतरवलेली हिब्रू गीतं ही यहुदी संगीताची सर्वांत जुनी लेखी नोंद मानली जाते.

त्याच शतकात याच नावाचा दुसरा एक नवयहुदी होता. त्याने मोठे विद्वान मूसा बिन मैमून यांना पत्र लिहिलं. (हे काहिराच्या अय्यूबी दरबारात हकीम होते, इ.स. १२०४ मध्ये वारले.) प्रश्न असा: माझे बापदादे यहुदी नव्हते, तर दुआत ‘आमच्या पूर्वजांचा खुदा’ म्हणू की नको? उत्तर आलं, जरूर म्हण, इब्राहीम तुझेही वालिद आहेत. याच माणसाचं आपल्या उस्तादाशी भांडण झालं होतं. हा म्हणे, मुसलमान मूर्तिपूजक नाहीत. उस्तादाने चिडून त्याला मूर्खात काढलं. मूसा बिन मैमून यांनी लिहिलं की मुसलमान खुदाला एकच मानतात, यात खोट नाही. आणि ज्याने सत्यासाठी घरदार सोडलं त्याला मूर्ख म्हणणाऱ्या उस्तादाने माफी मागितली पाहिजे.

एकट्याच्या प्रवासाची गोष्ट निघाली की आपल्याला इब्ने बतूता आठवणारच. १३२५ मध्ये एकविसाव्या वर्षी ते तांजाहून हजसाठी एकटेच निघाले. ट्यूनिसला पोचले तेव्हा बाकीच्यांना घ्यायला, सलाम करायला लोक आले होते, यांच्याकडे कुणी वळलं नाही. ते रडले. मग एका हाजीने जवळ येऊन विचारपूस केली. सतरा वर्षांनी हेच इब्ने बतूता दौलताबादहून आपल्या नंदुरबारवरून गेले. १९९८ पर्यंत नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं. पुढं केरळमध्ये त्यांनी डोंगरावरची एक यहुदी वस्ती पाहिली आणि तिचीही नोंद केली.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. माणूस निघतो एकटा, पण पोचतो तो कुणाच्या तरी दारात. यहुद्यांची जमातीची दुआ दहा जणांशिवाय होत नाही. एकट्याला वाट सापडेल, पण धर्म पाळायला माणसं लागतात. म्हणून खरा प्रश्न असा, की दारातली माणसं कशी वागतात?

मराठी बेने इस्राईल

हा प्रश्न आपल्या मातीत पाहायचा तर कोकणात जावं लागेल. बेने इस्राईलच्या आख्यायिकेप्रमाणे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. त्यांचे वंशज गावोगाव पसरले, तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर अशी त्यांची आडनावं. हिब्रू विसरले, पण खतना, शनिवार आणि ‘शमा’ हा कलमा त्यांनी सोडला नाही. दावीद राहाबी नावाच्या एका गुरूने त्यांना पुन्हा धर्म शिकवला आणि तिघांना तयार करून कारभार सोपवला. त्यांना ते ‘काझी’ म्हणत. प्रार्थनेला ‘नमाज’, उपासाला ‘रोजा’, प्रार्थनास्थळाला ‘मशीद’ हे शब्दही त्यांच्या बोलीत होते. एलियाहू हन्नबी, म्हणजे हजरत इलियास (अलै.), यांच्या नावाने ते मलिदा करतात. आपल्याकडे दर्ग्यावर पोळीचा मलिदा असतो, त्यांचा पोहे, खोबरं आणि फळांचा. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. हजरत इलियास (अलै.) तिथून आसमानात गेले अशी त्यांची श्रद्धा, दुआ मागायला लोक आजही तिथं जातात.

ती ‘जुनी मशीद’ बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानच्या कैदेत सापडले होते. कौम कोणती असं विचारल्यावर ‘बनी इस्राईल’ असं उत्तर आलं. तेव्हा सुलतानच्या वालिदा म्हणाल्या की यांचा जिक्र कुरआनात आहे, आणि यांचा जीव वाचला, अशी आठवण त्या समाजात सांगतात. सुटकेच्या शुक्रान्यात ते प्रार्थनास्थळ उभं राहिलं.

दारात उभं केलेले

१९४८ नंतर हजारो बेने इस्राईल इस्राईलला गेले. तिथं १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढलं: यांच्यापैकी कुणाचं इतर यहुद्यांशी लग्न ठरलं तर आईकडच्या पिढ्या तपासा, शंका आली तर विधी करायला लावा. ज्यांनी शतकानुशतकं शनिवार पाळला, त्यांनाच ‘तुम्ही खरे यहुदी का?’ असं विचारलं गेलं. जेरुसलेममध्ये त्यांनी धरणं धरलं. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचं जाहीर केलं आणि फर्मानातली भाषा बदलली गेली. मिझोराम-मणिपूरच्या बेने मेनाशे लोकांना २००५ मध्ये ‘इस्राईलचे वंशज’ म्हणून मान्यता मिळाली, तरी प्रवेशाचा रीतसर विधी त्यांना करावाच लागतो.

पण एवढ्यावर थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. खुद्द बेने इस्राईलमध्येही ‘गोरे इस्राईल’ आणि ‘काळे इस्राईल’ असा भेद होता. बाहेरच्या बायकांपासून झालेल्या संततीला काळे म्हणत आणि त्यांच्याशी लग्नसंबंध टाळत. ज्यांना पुढं दारात उभं राहावं लागलं, त्यांनीही आपल्या दारात कुणाला तरी उभं केलं होतं.

आज भारतात यहुदी फार थोडे उरलेत, काही हजारच. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

आपल्यासाठी यात काय?

दीनमध्ये जबरदस्ती नाही, हे सांगणारी सूरह बकराची २५६ वी आयत आपल्याला पाठ असते. ती कधी उतरली, हे फार जणांना ठाऊक नसतं. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या रिवायतीप्रमाणे, इस्लामपूर्वी मदिन्यात ज्या बाईची मुलं जगत नसत, ती नवस करी की हा जगला तर याला यहुदी करीन. पुढं बनू नजीर ही यहुदी टोळी मदिन्यातून निघाली तेव्हा तिच्यात अन्सारांची अशी मुलं होती. अन्सार म्हणाले, आमची मुलं आम्ही जाऊ देणार नाही. तेव्हा ही आयत उतरली. म्हणजे जबरदस्ती नको हा हुकूम यहुदी झालेल्या, आपल्याच पोटच्या पोरांच्या बाबतीत आला. आपल्या संविधानाचं २५ वं कलमही प्रत्येकाला मनाप्रमाणे धर्म मानण्याचा हक्क देतं.

गाझाच्या बातम्या पाहून आपलं रक्त उसळतं, ते उसळणारच. पण त्या सरकारचा हिशेब पेणच्या शनवार तेल्याकडे मागता येत नाही. मुंबईतल्या बॉम्बस्फोटाचा जाब धुळ्यातल्या मोमीन विणकराला विचारला की आपल्याला किती लागतं, ते आपण भोगलंय.

आणि आपलं दार? कुणी एकटा सगळं सोडून मुसलमान होतो, तेव्हा पहिल्या जुम्माला आपण गळाभेट घेतो, मुबारकबाद देतो. पुढं त्याच्या मुलीचा रिश्ता आला की हळूच विचारतो, “मूळचे कोण?” ईदला त्याला जेवायला बोलावणारं घर मोहल्ल्यात किती असतं, ते ज्याचं त्याने मोजावं.

आमच्या वर्गात आता ‘यहुदी’ ही शिवी चालत नाही. कुणाच्या तोंडून निघालीच, तर त्याला उभं राहून मस्जिद स्टेशनच्या नावाची हकीकत सगळ्यांना सांगावी लागते. आतापर्यंत चौघांनी सांगितली आहे. चौथ्याने तर त्यात टिपू सुलतानच्या वालिदांचा किस्साही जोडला, आणि तो आम्ही अजून शिकवलाच नव्हता.