सात मिनिटांचा निकाल

एलिझाबेथ पॅकार्ड हे नाव आपल्या मंडळातील फारच थोड्या भगिनींच्या कानावरून गेले असेल. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या एका धर्मोपदेशकाची ही पत्नी. जन्म १८१६ चा. सहा मुलांची आई, शिकलेली, लग्नापूर्वी शिक्षिका असलेली. नवरा चौदा वर्षांनी मोठा व मोठा कर्मठ. माणूस जन्मतःच पापी असतो ही त्याची शिकवण तिला पटेना, आणि चर्चच्या बायबल-वर्गात तिने तसे बोलून दाखविले. झाले! १८ जून १८६० रोजी त्याने तिला घरातून उचलवून जॅक्सनव्हिलच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन घातले.

यात काही बेकायदा घडले असे मात्र समजू नये. त्या राज्याच्या १८५१ च्या कायद्याप्रमाणे इतरांच्या बाबतीत वेडाचा पुरावा लागे. विवाहित स्त्री आणि अज्ञान मूल यांच्यापुरता तो लागत नसे. नवऱ्याने मागणी करावी, इस्पितळाच्या प्रमुखाने मान डोलवावी, की काम झाले. प्रारंभी प्रमुख डॉक्टर मॅकफार्लंड यांनी तिला बरे वागविले. पण तेथील कारभाराबद्दल तिने त्यांना खरमरीत पत्र लिहिताच तिची रवानगी अनावर रुग्णांच्या विभागात झाली. तेथे ती त्या बायकांना न्हाऊमाखू घाली, खोल्या साफ करी आणि चोरून टिपणे लिही. तीन वर्षांनी ‘बरी न होणारी’ असा शेरा मारून तिला घरी धाडण्यात आले.

घरी नवऱ्याने तिला मुलांच्या खोलीत कोंडले व खिडक्यांना खिळे ठोकले. तिने कशीबशी एक चिठ्ठी खिडकीतून बाहेर सरकविली, ती शेजारणीच्या हाती पडली आणि प्रकरण न्यायाधीशापुढे गेले. गंमत अशी की, बायकोला इस्पितळात डांबणे कायदेशीर होते, घरात कोंडणे नव्हते! जानेवारी १८६४ मध्ये कँकाकी येथे खटला चालला. नवऱ्याच्या बाजूच्या डॉक्टरांनी तिची धर्ममते हीच वेडाची खूण म्हणून सांगितली. बारा पुरुषांच्या पंचांनी अवघ्या सात मिनिटांत ती शहाणी असल्याचा निर्णय दिला. परंतु ती घरी परतली तेव्हा नवरा मुलांसह व सामानासह मॅसॅच्युसेट्सला निघून गेला होता. मुले व मालमत्ता दोन्हींवर कायद्याने हक्क त्याचाच.

रडत न बसता तिने पुस्तके छापली, दारोदार विकली, विधिमंडळांचे उंबरे झिजविले. १८६७ साली पंचांसमोर चौकशी झाल्यावाचून कोणालाही इस्पितळात घालू नये असा कायदा इलिनॉयात झाला. रुग्णांची पत्रे कोणी अडवू नयेत, असा कायदा आयोवा राज्याने १८७२ साली केला. त्यामागेही हीच बाई. डॉक्टर मंडळी तिच्यावर फार रागावली. खऱ्या आजारी माणसाला आरोपीसारखे कोर्टात उभे करावे काय, असे ते विचारीत. हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, हेही सांगितले पाहिजे. लहान मुलांचा ताबा तिला १८६९ साली मिळाला.

आता आपल्या देशाकडे वळू. १९१२ च्या कायद्यात मॅजिस्ट्रेट होता व दोन डॉक्टरांचे दाखलेही लागत. पण अर्ज शक्यतो नवऱ्याने किंवा बायकोनेच करावा, असे त्यात होते. हा कायदा थेट १९९३ पर्यंत टिकला. त्यानंतरच्या कायद्याची जागा घेणारा २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अमलात आहे. आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती आपण शहाण्यासवरत्या असतानाच लेखी नेमून ठेवता येते. ती नवराच असली पाहिजे असे नाही. कोणाला स्वतःचा निर्णय घेता येत नाही म्हणून दाखल करावयाचे, तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते. तसे दाखल केल्याची खबर पुनरावलोकन मंडळास द्यावी लागते, आणि रुग्णाला तेथे दादही मागता येते. पुरुषाबाबत खबरेची मुदत सात दिवसांची. स्त्री व अज्ञान मुले यांच्याबाबत तीनच दिवसांची. आपल्या भागासाठीचे हे मंडळ कोठे बसते, ते विचारून ठेवण्यास हरकत नाही.