शिपाई बकम सिंग आणि आपली कागदपत्रे

आगमन शताब्दीच्या स्मरणिकेत आम्ही एका पंजाबी शिपायाबद्दल लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. ते मराठी नव्हते, गिरमिटियाही नव्हते. पण त्यांची गोष्ट आपल्याला ओळखीची वाटावी अशी आहे.

बकम सिंग यांचा जन्म 1893 साली पंजाबातील माहिलपूरचा. लग्न लहानपणीच झालेले. 1907 मध्ये, पोरवयातच, ते ब्रिटिश कोलंबियात आले. त्याच वर्षी तिथल्या हिंदुस्थानी लोकांचा मताधिकार काढून घेण्यात आला. तो परत मिळायला 1947 साल उजाडले. 1908 मध्ये नियम निघाला की, मायदेशातून एकाच थेट प्रवासात आलेल्यालाच उतरू द्यायचे. असा थेट प्रवास घडणेच अवघड, म्हणजे बायकोला आणण्याची वाटही बंद. 1914 साली 376 उतारूंची ‘कोमागाता मारू’ व्हँकुव्हरला दोन महिने अडवली आणि बहुतेकांना तशीच परत धाडली.

तरी पुढच्याच वर्षी, ऑंटारियोत शेतमजुरी करणारे बकम सिंग कॅनडाच्या सैन्यात भरती झाले. गोऱ्यांच्या त्या फौजेत शीख शिपाई बोटांवर मोजण्याइतके होते. 1916 मध्ये फ्लँडर्सच्या आघाडीवर विसाव्या पलटणीत ते दोनदा जखमी झाले. दर 11 नोव्हेंबरला आमच्या शाळेतील मुले ज्यांची कविता म्हणतात, ते डॉ. जॉन मॅक्रे जिथे काम करत, त्याच रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. ही गोष्ट मुलांना सांगितली की वर्ग एकदम शांत होतो. पुढे इंग्लंडमध्ये क्षय जडला. किचनरला 27 ऑगस्ट 1919 रोजी ते वारले, वय अवघे 25. बायका-मुलांना आणू देण्याचे कॅनडाने मान्य केले तेही 1919 सालीच.

मग सुमारे नव्वद वर्षे त्यांचे कुणाला नावही माहीत नव्हते. शेवटी इंग्लंडमधील जुन्या वस्तूंच्या दुकानात एका संशोधकाला त्यांचे विजयपदक मिळाले. पदकाच्या कडेवर नाव कोरलेले होते, त्यावरून सैन्यातील कागद सापडले आणि कागदांवरून माउंट होप स्मशानभूमीतील कबर. आता दर नोव्हेंबरला तिथे मानवंदना होते.

भरतीच्या त्या कागदात काय विचारत? नाव, गाव, उंची, अंगावरील खुणा. मॉरिशसला उतरलेल्या आपल्या पणजोबांनाही असेच प्रश्न विचारले गेले. त्यांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. नावे कारकुनाने कानाला लागतील तशी लिहिली, म्हणून शोधताना दोन-चार प्रकारांनी लिहून पाहावीत. पहिल्या महायुद्धात मॉरिशसची मजूर-पलटण मेसोपोटेमियात गेली होती, आणि दुसऱ्या महायुद्धात मॉरिशसचे पायोनियर उत्तर आफ्रिकेत होते. कुणाच्या घरी ट्रंकेत एखादे जुने पदक असेल, तर ते घासून चकचकीत करू नका. आधी भिंग घेऊन त्याची कड वाचा.