बारा पट्ट्यांचा भागाकार

वर्गातल्या बऱ्याच जणांना मी 'गणितवाली' म्हणूनच आठवत असेन. सॉफ्टवेअरमध्ये वीसेक वर्षे काढल्यावर आता मी कीबोर्डवर जॅझ शिकते आहे, आणि तिथेही गणिताने पाठ सोडलेली नाही. म्हणून या स्मरणिकेसाठी आठवणींऐवजी थोडा इतिहास.

१९४०च्या दशकातल्या बीबॉप शैलीत कॉर्ड इतक्या झपाट्याने बदलत, की वादकाची निम्मी बुद्धी त्यांच्यामागे धावण्यातच जाई. यापुढे काय, या प्रश्नाची दोन उत्तरे निघाली.

पहिले जॉर्ज रसेलचे. क्षयामुळे रुग्णालयात पडून असताना त्याने जो विचार मांडायला घेतला, तो १९५३ साली पुस्तकरूपाने आला. सा पासून षड्ज-पंचम भावाने चढत जा: प, रे, ध, ग, नी, तीव्र म. हा झाला आपला कल्याण थाट. पाश्चात्त्य नाव लिडियन. रसेलने बिलावलसारख्या मेजर स्केलऐवजी यालाच पायाभूत मानले. कॉर्डऐवजी स्केलचा विचार करण्याची वाट त्यातून रुळली. माइल्स डेव्हिसच्या 'सो व्हॉट'मध्ये चार मात्रांची १६ आवर्तने काफी थाटाच्या स्वरांत जातात, ८ अर्ध्या स्वराने वर आणि ८ पुन्हा मूळ जागी. वादकाला श्वास घ्यायला जागा मिळाली.

दुसरे उत्तर भागाकाराचे. निकोलस स्लोनिम्स्कीने १९४७ साली सप्तकाचे समान भाग पाडून तयार होणाऱ्या स्वररचनांचा जाडजूड कोश काढला. जॉन कोल्ट्रेन त्यावरून रियाज करी. त्याच्या 'जायंट स्टेप्स'मध्ये बाराला तिनाने भागले आहे: सा, ग आणि कोमल ध हे तिन्ही आळीपाळीने 'सा' होतात, तेही भन्नाट वेगात. गंमत म्हणजे 'सो व्हॉट' आणि 'जायंट स्टेप्स' दोन्हींचे ध्वनिमुद्रण १९५९ सालचे, आणि दोन्हींत सॅक्सोफोनवर कोल्ट्रेनच!

बाराला सहाने भागले की होल टोन स्केल मिळते: सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. यात शुद्ध मध्यमही नाही आणि पंचमही नाही. तानपुऱ्याची पहिली तार लावायची कशाला? सगळी अंतरे सारखी, त्यामुळे घर कुठले तेच कळत नाही.

इथेच मला शाळेतल्या गाण्याच्या तासाची किंमत कळली. थाट म्हणजे राग नव्हे, हे तिथे शिकलो होतो. स्केल पाठ करणे हे काम संगणकही करील. कुठे थांबायचे आणि कुठल्या स्वरावर परतायचे, हे मात्र दर वेळी स्वतःच ठरवावे लागते. ऑफिसनंतरचा माझा अर्धा तास त्यातच जातो. पन्नाशीच्या आत स्वतःची एक तरी रचना बांधायची आहे.

मेळाव्यात पेटी असेलच. वरचे सहा स्वर एकदा वाजवून पाहा, आणि सांगा, सा कुठे आहे?